अर्जातून गाळलेले हिवाळे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्यांच्यासोबत रस्त्याकडेला तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवून खाल्ला त्या ड्रायव्हर लोकांना तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? खरं सांगू, तेही मला नीट ठाऊक नाही. लहानपणापासून मला एक खोड आहे: कोणतीही वस्तू उघडून आत काय आहे ते बघायचं. कुलूप, घड्याळ, मोटारीचं इंजिन, सगळं उघडून झालं. हे एवढं राहिलं.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत, आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. आमचं गाव वडशाजवळ. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेपासून होळीपर्यंत आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. त्या नाटकांत मी राणी असायचो. हसू नका — किंवा हसा, तेव्हा सगळेच हसत. बायकांची कामं पुरुषच करायचे. माझा गळा गोड होता, कंबर बारीक होती, आणि लुगडं मी असं नेसायचो की गावातल्या बाया बघत राहायच्या. आमच्या मंडळीचा मालक, गुरू आणि राजा एकच, देवाजीकाका. नात्याचा नव्हे. आईबाप गेल्यावर त्यानं मला घरी नेलं आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं. भाषणं पाठ व्हावीत म्हणून लिहायला-वाचायलाही त्यानंच शिकवलं.

मग माझ्या आयुष्यात लॉरी आली. नाटकं होळीला थांबत, जंगलातली लाकडाची वाहतूक मात्र पावसाळ्यापर्यंत चाले. त्या उन्हाळ्यांत मी एका लॉरीवर क्लिनर म्हणून जायला लागलो. पोटासाठी नाही हो — मला बघायचं होतं! समोर हँडल खुपसून दोन वेढे दिले की एवढं मोठं धूड गुरगुरत जागं होतं, ते कसं? त्याला रस्ता उताराचा आहे हे कळतं कुठून? ड्रायव्हर वैतागायचा, पण शिकवायचा. तीन उन्हाळ्यांत मी गाडी शिकलो आणि लायसनही काढलं. देवाजीकाकाला सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. ‘राणीच पळाली, आता राजानं का करावं?’ म्हणाला. पण अडवलं नाही.

चांद्यात पहिल्या ठेकेदाराकडे गेलो तेव्हा मी सगळं खरंच सांगितलं होतं, हे आधी ऐकून ठेवा. उन्हाळ्यात क्लिनर, हिवाळ्यात नाटकात राणी. तिथं बसलेल्या माणसांनी टाळ्या पिटल्या. एकानं खांद्यावरच्या दुपट्ट्याचा डोक्यावर पदर घेऊन बसल्या जागी गाडी चालवून दाखवली. नोकरी मिळाली नाहीच, वर फाटकापर्यंत शिट्ट्या ऐकत आलो.

म्हणून दुसऱ्या ठिकाणी अर्ज लिहिताना मी शहाणपणा केला. हा लाकडाचा मोठा ठेकेदार. त्याच्या लॉऱ्या आलापल्लीकडून सागवान भरून बल्लारशाला रेल्वेपर्यंत आणायच्या. त्याचा मुनीम कडक होता. आजवर काय काय केलं ते वर्षवारीनं लिहून मागायचा. मी लिहिलं: उन्हाळ्यात क्लिनर, बाकी दिवस शेती. शेती! घरात नांगर नव्हता आमच्या. पण कागद वाचला आणि मला मोठं नवल वाटलं. एवढे हिवाळे, एवढी गाणी, आणि एका शब्दाखाली सगळी गडप? कागदावरचा तो माणूस कुणी दुसराच होता, आणि मला तो आवडलासुद्धा.

इथपर्यंत काही मोठं पाप नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत आलो.

मुनिमानं सांगितलं होतं की ओळखीचा कुणी भला माणूस हमीला आण. मी गावच्या पाटलाची चिठ्ठी मागवली. चिठ्ठी घेऊन कोण येईल, हा विचार मात्र डोक्यात आला नाही. त्या सकाळी लाकडाच्या डेपोच्या आवारात मुनीम माझा अर्ज वाचत होता, ठेकेदार शेठ खुर्चीत होते, ओंडक्यांवर सात-आठ ड्रायव्हर बिड्या ओढत बसले होते. आणि फाटकातून देवाजीकाका आत आला. वडशाहून छोट्या रेल्वेनं, माझ्यासाठी. अंगावर नाटकात बक्षीस मिळालेली जरीची शाल. केस मानेवर रुळणारे, डोळ्यांत थोडं काजळ राहिलेलं. शंभर माणसांत कुणीही ओळखावं की हा नाटकवाला.

‘नमस्कार जी,’ तो शेठला म्हणाला. ‘मी या पोराच्या कामासाठी आलो. याले मी लहानपणापासून...’

‘कोण तुम्ही?’ मी म्हणालो. ‘मी नाही ओळखत तुम्हाला.’

हे माझ्या तोंडून आलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. पुढचं वाक्य तो काय बोलेल एवढ्याच भीतीनं मी त्याला मध्येच तोडलं. आजही मी तो क्षण पुन्हा पुन्हा उघडून बघतो — आत काय होतं? लाज? हाव? का त्या शिट्ट्या? काहीच हाताला लागत नाही.

काकानं माझ्याकडे बघितलं, पापणी लवते न लवते एवढंच. तुम्हाला रंगमंचावरचं माहीत नसेल म्हणून सांगतो: समोरचा भाषण विसरला की राजानं सांभाळून घ्यायचं असतं, बघणाऱ्यांना कळूही द्यायचं नसतं. त्यात देवाजीकाकाचा हात धरणारा कुणी नव्हता.

‘माफी करा जी, माणूस चुकला,’ तो शेठला म्हणाला. ‘मले वाटलं माह्या ओळखीचा पोट्टा हाय. येता येता याच्या गावच्या पाटलानं चिठ्ठी देल्ली होती, ते घ्या.’ चिठ्ठी मुनिमापुढे ठेवून तो वळला, आणि जाता जाता म्हणाला, ‘पण तोंडावरून भला दिसते हा. ठेवून घ्या याले.’

सगळे हसले. मीही हसलो. आणि मला नोकरी मिळाली.

आलापल्लीच्या त्या बाजूला आमची नाटकं कधी गेली नव्हती, म्हणून मी निर्धास्त होतो. काकाकडे जाऊन पाय धरावेत असं रोज ठरवायचो. रोज गाडी भरलेली असायची, असं म्हणायची सोय होती. वर्ष असंच गेलं. मग हिवाळ्यात एकदा शेठनं धान आणायला मला नेमकं वडशाकडेच पाठवलं. तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळून मी निघालो. शेजारी क्लिनर, माझ्याहून वयानं मोठा, बोलघेवडा माणूस.

आरमोरीच्या पुढे रस्त्यावर एक माणूस हात करून उभा होता. पायाशी नाटकाच्या कपड्यांची पत्र्याची पेटी. पेटी मी आधी ओळखली, मग काकाला. गाडी थांबवली, निदान तेवढं तरी केलं.

‘ड्रायव्हरभाऊ, वडशापर्यंत सोडता का जी?’ त्यानं विचारलं.

तो आमच्या दोघांच्या मध्ये बसला. त्यानं मला ओळखलं होतं का? दुपट्ट्यातून माझे डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत वर्षानुवर्षं त्यानंच स्वतःच्या हातानं काजळ घातलं होतं. मग तो मला शिक्षा करत होता की क्लिनरसमोर अजूनही सांभाळून घेत होता? मला विचारायचं होतं. जगातल्या सगळ्या गोष्टी विचारणारा मी समोरचा रस्ता बघत गाडी हाकत राहिलो.

‘तुमचं गाव कोणतं जी?’ त्यानंच विचारलं.

बघा, दार उघडून दिलं होतं त्यानं. तुमचंच, काका, एवढं म्हणायचं होतं. पण क्लिनर ऐकत होता. मी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं नाव घेतलं. ‘सिरोंचा,’ म्हणालो.

‘लय दूर हाय,’ तो म्हणाला. ‘तिकडं तेलुगू बोलते म्हणते. तुमी त आमच्यासारखंच बोलता.’

मी गिअर बदलला. गरज नव्हती.

वडशाच्या नाक्यावर तो उतरला. ती पेटी डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतो. लहानपणी ते काम माझं होतं. तो पेटीपाशी उभा राहिला आणि त्यानं गाडीकडे बघितलं. क्लिनर खाली उतरला, त्यानं पेटी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. मी स्टिअरिंग धरून बसून होतो.

पुढच्या पावसाळ्यात देवाजीकाका गेला. कळलं तेव्हा मी गाडीच्या आडोशाला जाऊन रडलो, खूप रडलो. वडशाच्या नाक्यावर त्या दिवशी मला कुणी अडवलं नव्हतं. दार माझ्याच हाताशी होतं, गाडी उभी होती, आणि मी उतरलो नाही.