पुतण्याने दुरुस्त केलेला ब्रेक

ती घटना आठवली की आजही मी आधी सुटकेचा निःश्वास टाकतो आणि मगच पुढचं सांगू लागतो. पोलिसांच्या हातून चुकीचा माणूस कोठडीत जाता जाता राहिला, असं कधीमधी घडतं. पण इतक्या थोडक्यात बचावलेला दुसरा मी पाहिला नाही.

तेव्हा मी दिग्रसच्या बाजूच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दसऱ्याचा दिवस होता. बंदोबस्ताची वाटणी करून टेकलो, तोच उतारावरच्या वळणावर एक मोटरसायकल बांधावर आदळल्याची खबर आली. चालवणारा जवळच्या तांड्यावरचा तरुण शेतकरी. पाय मोडला, डोक्याला मार लागला, आणि बेशुद्ध अवस्थेत त्याला यवतमाळला हलवावं लागलं. बीट जमादाराने घटनास्थळाचा पंचनामा केला आणि गाडी ट्रॉलीत घालून ठाण्यात आणली. रस्त्यावर मागचं चाक घसरल्याची लांब खूण होती. पुढच्या चाकाची खूण नव्हती, म्हणजे पुढचा ब्रेक लागलाच नव्हता.

थोड्या वेळाने तांड्यावरून फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगायचं टाळलं.

"साहेब, काल त्याच्या चुलतभावानं गाडीच्या ब्रेकातलं तेल काढलं. नळी लावून बाटलीत काढत होता. म्या माया डोयानं पाह्यलं."

मागोमाग जखमीचा बाप आला, सोबत दहा-बारा माणसं. म्हातारा दारातूनच ओरडला. "माया पोराले मारून टाकाचा डाव होता साहेब! धुऱ्यावरून भांडण हाय आमचं. माया भावाचा पोरगा हाय तो. त्याले आत टाका!"

शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद आमच्या जिल्ह्यात घरोघरी. सख्खे भाऊ धुऱ्यापायी एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. म्हणजे कारण हातात होतं, साक्षीदार होता, ब्रेकशी छेडछाड झाल्याचं दिसत होतं. माझा जमादार तर दोरी घेऊनच उभा असल्यासारखा उत्साहात होता.

पुतण्याला आणलं. चोवीस-पंचविशीचा, शिकलेला, हात जोडून उभा. वनरक्षक म्हणून त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. खुनाच्या प्रयत्नात एकदा नाव आलं असतं, तर पुढे निर्दोष सुटेपर्यंत ती नोकरी कुठे राहते? हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"तेल काढलंस?" मी विचारलं.

"काढलं साहेब."

साफ कबूल! जमादाराने माझ्याकडे पाहिलं. मी मात्र सावध झालो. गुन्हा केलेला माणूस पहिल्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर देत नाही.

"काहून काढलं?"

"भाऊ म्हने, ब्रेक दाबला का स्पंजावानी आत जाते. तेल काळं पडलं होतं. म्या मोबाइलवर पाहून शिकलो हाय. जुनं काढलं, नवीन टाकलं, हवा काढली. मंग भाऊ गाडी घेऊन रोडपावतर जाऊन आला. चांगला लागून राह्यलता ब्रेक."

"तुमच्यात तर बोलचाल बंद आहे ना?"

तो खाली पाहत म्हणाला, "आमच्या बापायची बंद हाय साहेब. आमची नाही. आम्ही लपून बोलतो."

हे खरं की खोटं, हे सांगणारा एकच माणूस होता, आणि तो यवतमाळला बेशुद्ध पडला होता. बाहेर माणसं वाढत होती.

आता थोडं स्वतःबद्दल सांगतो. मला स्वतःची मोटरसायकल स्वतः खोलायचा भारी नाद. सुट्टीच्या दिवशी अंगणात पाने-पक्कड मांडून बसलो की बायको म्हणायची, "ठाण्यात माणसांचे जबाब घेता, घरी गाडीचे!" तिने ते टोमण्याने म्हटलं असलं तरी त्या संध्याकाळी मी अगदी तेच करायचं ठरवलं. मोटार वाहन निरीक्षकांना कळवलं, दोन पंच बोलावले आणि काहीही न उघडता, नुसतं पाहून-दाबून गाडीची तपासणी सुरू केली.

डिस्क ब्रेकचं गणित सोपं आहे. हँडलवरचा दांडा दाबला की तेल पाइपातून पुढे ढकललं जातं आणि पॅड चाकाच्या डिस्कला चिमटा घेतात. तेल गळालं किंवा पाइपात हवा शिरली, तर दांडा बोटाखाली मऊ लागतो. मी दांडा दाबला. कडक! हँडलवरच्या डबीच्या काचेतून दिसणारं तेल खुणेपर्यंत, मधासारखं स्वच्छ. पाइप शाबूत. हवा काढायचा स्क्रू घट्ट, आजूबाजूला ओल नाही. पोराने काम चोख केलं होतं. मला मनातून बरं वाटलं, पण मग ब्रेक लागला का नाही?

पुढचं चाक उचलून फिरवलं आणि दांडा दाबला. चाक गपकन थांबायला हवं होतं, ते सरकत सरकत थांबलं. डिस्कवर पांढरं फडकं फिरवलं, तर त्यावर पिवळट डाग उमटला. वास घेतला. जवसाचं तेल!

आता जवसाचं तेल ब्रेकच्या डबीत कोणी टाकत नाही, आणि डिस्कवर तर मुळीच लावत नाही. फडकं पंचांसमक्ष लखोट्यात बंद केलं आणि म्हाताऱ्याला एकट्याला आत बोलावून पाणी दिलं.

"काका, आज पूजा केली असेल ना?"

"केली ना साहेब. दसरा हाय. इळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा, समदं धुतलं, पुसलं. मंग जवसाचं तेल लावलं. लोखंडाले लावाच लागते, नाही तं जंग चढते."

"आणि गाडी?"

"गाडीबी धुतली. हार घातला. ते चाकाची चकती धुतल्यावर लालसर दिसून राह्यलती, म्हनून तिलेबी..."

म्हातारा माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

"तिलेबी लावलं काका?"

"चांगलं चोयून लावलं," तो पुटपुटला. "म्हंजे मीच का साहेब? म्याच माया पोराले..."

मी त्याला एवढंच सांगितलं, की डिस्कवर पाण्याने चढणारा गंज दोन-चार वेळा ब्रेक दाबला की आपोआप जातो, तेल मात्र पॅडमध्ये मुरतं. असे पॅड पुसून भागत नाही, बदलावेच लागतात. हे त्याला कोणी कधी सांगितलेलंच नव्हतं. बापाने मुलाच्या गाडीची काळजीच घेतली होती. म्हातारा बराच वेळ रडला. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसून उठला आणि म्हणाला, "लिवा साहेब. तेल म्या लावलं. त्या पोराचा काही कसूर नाही." बाहेर जमलेल्यांनाही त्याने स्वतःच हे सांगितलं. त्याला तसं करायला मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा शुद्धीवर आला. जबाबात तो म्हणाला, "ब्रेक भावानं बनवून देल्ला, त्याले त्रास देऊ नका." मोटार वाहन निरीक्षकांचा अहवालही तेच सांगत आला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. ज्याच्याकडे कारण असतं, त्याच्यापाशी आपली चौकशी थांबते, कारण ते सोयीचं असतं. भांडणाला साक्षीदार ढीगभर मिळतात. लपून जपलेल्या मायेला एकही मिळत नाही, म्हणून ती नसतेच असं आपण धरून चालतो. माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी पुढे हे बजावत राहिलो.

काही दिवसांनी पुतण्या चारित्र्य पडताळणीसाठी ठाण्यात आला. सोबत कोण, तर तोच काका! मी पेन उचललं तसा म्हातारा टेबलाजवळ सरकला.

"साहेब, घरचा पोरगा हाय. जरा चांगलं लिवजा."

"काका, तुम्ही तर याला आत टाका म्हणून आला होता!"

"आलतो ना," तो म्हणाला. "म्हनून तं आता संगं आलो."

मी लिहिलं, 'कोणताही गुन्हा दाखल नाही.' काकाने ते पुतण्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, आणि मग पुन्हा एकदा वाचायला लावलं.