खिशातला फ्यूज

आमच्या घरात भुताखेतांवर एकच उतारा होता — पत्रक. गिरणी बंद पडल्यावर बाबा लाउडस्पीकर दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाणी विकणाऱ्या टँकरवाल्याविरुद्ध. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते, आणि काही जणांना आठवत असेल, खाली कमेंटमध्ये येऊन भांडतेसुद्धा. "आधी वायरिंग तपासलं का?" असं विचारणारी ती मीच. आज माझ्यावर तुटून पडा, माझी हरकत नाही. फक्त कुणीतरी मला कारण सांगा...

जागा — घाटकोपर पश्चिम, भटवाडी, डोंगराच्या उतारावरची आमची दहा बाय बाराची खोली. खाली राणे काकूंचं घर. आमच्या पोटमाळ्यावर गेली वीस-बावीस वर्षं एक व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पडून होता. लोखंडी पेटी, आत बल्बसारखे तापणारे काचेचे मोठे व्हॉल्व्ह, सोबत स्पीकर. गिरणीच्या गेटवरच्या सभांसाठी कामगारांनी वर्गणी काढून घेतलेला. सभेला माणसं जमेपर्यंत बाबा त्यावर माउथ ऑर्गन वाजवायचे, आणि मग बोलायला उभे राहायचे. घोषणा देऊन देऊन त्यांचा आवाज कायमचा फाटला होता. खरखरीत, पण तुटायचा नाही.

माउथ ऑर्गन मला त्यांनीच शिकवला. कॉलेजात मी ब्लूजकडे वळले, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या गाण्यांकडे. त्यात सूर फुंकून कमी आणि ओढून जास्त काढतात... श्वास आत घेताना. आणि ते वाजवावं जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पवरच, कारण आवाज जोरात गेला की तो फाटतो. बाबांसारखाच. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "हे तर आपल्याच माणसांचं रडगाणं गं. फक्त रडत नाहीयेत."

मागच्या वर्षी घशाच्या कॅन्सरमुळे बाबांचं स्वरयंत्र काढलं. आता श्वास गळ्याच्या भोकातून. बोलणं संपलं, माउथ ऑर्गन संपला. त्यांनी पाटीवर लिहिणंही जवळजवळ सोडलं. भिंतीकडे तोंड करून झोपायचे, नळीतून दिलेलं दूधसुद्धा हाताने अडवायचे. डॉक्टर म्हणाले, "जखम भरतेय, पण पेशंटला जगायचंय का, ते बघा." हे कसं बघतात हो? कुठल्या पत्रकात लिहिलंय?

शेवटी मी ॲम्प खाली उतरवला. म्हटलं, बाबांचा आवाज परत आणता येत नाही, निदान त्याच्यासारखा तरी घरात वाजू दे.

आई चिडली. "ह्यो डबो काय तुझ्या बापाशीक बरो करतलो? त्यापेक्षा देवाक हात जोड गो."

"आई, देवाला सर्किट कळत नाही."

भिंतीकडे तोंड केलेल्या बाबांचे खांदे हलले. हसले ते! कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

त्यानंतरचे वीस दिवस आमच्या घरातले शेवटचे चांगले दिवस. बाबा उशीला टेकून बसायचे आणि पाटीवर हुकूम सोडायचे. "कंडेन्सर सगळे बदल." "घाई नको." जुना ॲम्प थेट मेनला लावायचा नाही, मध्ये शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घ्यायचा, म्हणजे वीज आधी बल्बमधून आणि मग पेटीत. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे. भडकून मंद झाला तर सगळं ठीक. पहिल्यांदा तो मंद झाला तेव्हा मी नाचले होते. नंतर बाबांनी तो बल्ब काढूच दिला नाही. पाटीवर लिहिलं, "जुनं मशीन आहे, राहू दे."

आणि त्यांचा एक नियम होता. पेटीत हात घालण्याआधी मागचा फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. सभेच्या गडबडीत कुणीतरी बटण दाबतं आणि आत हात असलेला माणूस मरतो, असं त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून फ्यूज खिशात. खिशावर दोनदा टिचकी. मग काम.

त्या सकाळी फक्त माईकची वायर डाग देऊन जोडायची राहिली होती. बाबांनी फ्यूज काढला, शर्टाच्या खिशात टाकला, दोनदा टिचकी मारली. मी वायर जोडून पेटीचं खालचं झाकण लावलं (व्हॉल्व्हची बाजू उघडीच असते), तेवढ्यात बाबांचा श्वास अडकला. गळ्याच्या नळीत कफ. ओठ निळे पडले... दादा आणि मी त्यांना खुर्चीसकट उचलून पायऱ्या उतरलो.

सरकारी रुग्णालय. आधी खाट नाही, मग खाट आहे पण मशीन नाही. मी तिथे इतकी ओरडले की वॉचमन मला बाहेर काढायला आला. रात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाबा डोळे उघडत नव्हते. कुणीतरी उशीखाली अंगाऱ्याची पुडी ठेवली होती, ती मी कचऱ्यात फेकली. आईने ती परत उचलून पदराच्या टोकाला बांधली.

जुने रिपोर्ट आणायला मी एकटी घरी आले. कुलूप मीच उघडलं, किल्ली माझ्याकडेच होती. साडेतीनच्या सुमारास दादाचा फोन.

"लवकर ये. डॉक्टर म्हणतायत, घरच्यांना बोलवून घ्या."

"दादा, फोन बाबांच्या कानाला लाव."

"अगं वेडी झालीस का? ये ना तू!"

"पोचेपर्यंत काय होईल माहीत नाही. लाव ना रे... प्लीज."

मी ॲम्पचं बटण खाली केलं. फोन ॲम्पच्या स्पीकरसमोर ठेवला. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, तेवढा वेळ मी माईक छातीशी धरून उभी होते. आत नारिंगी उजेड आला. गरम धुळीचा वास आला. मग मी माउथ ऑर्गन वाजवला. कुठलीच चाल नव्हती. एकच खालचा सूर, ओढून, वाकवून, परत ओढून. आवाज असा फाटला की खिडकीची काच थरथरली. खालून राणे काकू ओरडल्या, "अगं ए! भोंगा बंद कर! पोरांची परीक्षा आहे!"

मी थांबले नाही. मला आठवतंय, मी श्वास सोडतच नव्हते, नुसती आत ओढत होते...

फोनवर दादाचा आवाज आला. रडका. "अगं, बोट हलतंय. छातीवर टिचकी मारतायत. दोनदा. परत दोनदा."

बटण बंद करून मी माईक काढायला गेले आणि बोट व्हॉल्व्हला लागलं. चर्र भाजलं. फोड आला.

बाबा त्या दिवशी गेले नाहीत. संध्याकाळी डोळे उघडले. नर्सने त्यांचे कपडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. तिथेच धुवायचे कपडे वेगळे करताना शर्टाच्या खिशात काहीतरी टणक लागलं.

फ्यूज.

मी तशीच घरी धावले. मागची फ्यूजची जागा रिकामी. उडालेला फ्यूज असता तर तो तिथेच राहिला असता. बटण दाबलं — काही नाही. अर्धा तास थांबले. व्हॉल्व्ह थंडगार. फ्यूज बसवला — बल्ब भडकून मंद झाला, ॲम्प चालू. फ्यूज काढला — मेला. अकरा वेळा करून पाहिलं. सर्किट तुटलेलं असताना त्यातून वीज जात नाही, हे सातवीतलं पोर सांगेल.

तुमच्याआधी मीच माझ्याशी भांडले. नुसताच माउथ ऑर्गन वाजला असेल? मग राणे काकूंना भोंगा कुठून ऐकू आला? टेन्शनमध्ये भास झाला? फोड भासाने येतो का? पण एक चूक माझ्या पदरात कायमची आहे. त्या वेळी सिरीजचा बल्ब पेटला होता का, ते मी पाहिलंच नाही. माझ्यापासून हातभर लांब होता. एकदा मान वळवली असती तर आज हे लिहावं लागलं नसतं.

बाबा घरी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फ्यूज मागितला, स्वतः बसवला, आणि मला वाजवायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मग पाटीवर लिहिलं, "चांगला आहे. त्या दिवशीचा नाही."

आईने एव्हाना पेटीवर हळद-कुंकू वाहिलं होतं. शेजारणी नारळ घेऊन डोकावत होत्या. मी फडकं उचललं, तर बाबांनी माझा हात धरला. पाटी पुसली, खूप वेळ लावून लिहिलं —

"कुंकू तिचं आहे, राहू दे. तू लिही. चमत्कार लिहू नकोस. खोटं कारणही देऊ नकोस. माहीत नाही असं लिही."

तीन आठवड्यांनी बाबा गेले. झोपेत, सकाळी. तेव्हा ॲम्प बंद होता, आणि फ्यूज त्यांच्या खिशात होता.

आता तो माझ्या खिशात असतो. दर रविवारी दुपारी साडेतीनला मी बटण खाली करते, माईक धरते आणि वाजवते. फ्यूजशिवाय. या वेळी मान वळवून, बल्बकडे बघत. वहीत नोंद करते. आजवर एकदाही पेटलेला नाही.

माहीत नाही, बाबा. लिहिलं. तरी पुढच्या रविवारी मी परत बघणार आहे.