किल्ल्याच्या कमानीचे बेचाळीस दगड

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर एरवी मी नव्या पुस्तकांबद्दल लिहितो. आज तसं काही सुचत नाही.

सकाळी वेसाव्याहून होडीने मढला गेलो. तिथल्या टोकावरच्या पडक्या किल्ल्याच्या दरवाजाची कमान केव्हाच कोसळली आहे. तिच्या बेचाळीस दगडांची मापं मी तीन वर्षं दर रविवारी जाऊन घेतली. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही, पण माझ्या मापात पाव इंचाची चूक कुणी काढून दाखवावी! कमान कधीतरी पुन्हा रचता यावी म्हणून प्रत्येक दगडावर तेलरंगाने नंबरही घातला.

आज जागेवर अकराच दगड होते. बाकीचे खाली पडावात, म्हणजे मालवाहू होडीत, चढवलेले, कुठल्याशा धक्क्याच्या भरावासाठी.

"अहो, कुणाला विचारून नेताय?" मी ओरडलो.

मुकादमाने कंत्राटाचा कागद पुढे केला. "खूण केलेले दगड न्या, असं लिवलंय. बिननंबरी एकालाही हात लावला नाय, साहेब. कोणी नंबर घातलेत, झकास काम केलंय!"

"मीच घातलेत."

"मग वांधा काय? उरलेले उद्या नेतो."

मी हात जोडले. तो म्हणाला, "खूण नसेल तर सोडीन. असेल तर नेणार." भरती आली आणि पडाव सुटला.

अकरा दगडांची कमान होत नाही, हे मला कळतं. तरी उद्या पहिल्या होडीने जाऊन नंबर खरवडणार आहे. पावसात टिकावा म्हणून मी रंगाचे दोन हात दिले होते, एकट्याने निघायचा नाही.

कुणाकडे तारेचा ब्रश आहे का?