अंकुशकाकांची सैल ढोलकी

आमच्या आळीत पावसाळ्यात धुणं बाहेर घालायचं की नाही, हे अंकुशकाकांची ढोलकी ठरवते. सकाळी सातच्या सुमाराला काका ओटीवर येतात, खुंटीवरची ढोलकी मांडीवर घेतात, कातड्याच्या पुडीवर एकच टिचकी मारतात आणि कान लावून बसतात. समोर दोन-चार बायका पिळलेल्या कपड्यांच्या बादल्या घेऊन उभ्याच असतात. "पाणी प्यालीय," असं काका म्हणाले की बादल्या परत घरात. "कोरडी बोलती," म्हणाले की दोऱ्या बांधायची घाई. मी शाळेत मुलांना हवेतलं बाष्प शिकवते, माझ्या मोबाइलवर हवामानही दिसतं. तरी माझं धुणं मी काकांना विचारूनच बाहेर काढते. ते अधूनमधून चुकतात. चुकले की दोष ढोलकीचा.

गंमत अशी की हा माणूस मूळचा आमच्याकडचा नाहीच. बीड जिल्ह्यातला, पाटोद्याच्या पुढच्या एका कोरड्या गावातला. आठ वर्षांपूर्वी, वयाच्या पन्नाशीत, त्यांना रसायनीच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि आमच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. आमचं गाव पाताळगंगा नदीच्या अंगाला, शिळफाट्यावरून रिक्षाने वीस मिनिटांवर. जून संपत आला होता. टेंपोतून दोन ट्रंका उतरल्या, ज्वारीचं पोतं उतरलं, शोभाकाकू उतरल्या, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः नखशिखांत भिजत, छत्री मात्र काखेतल्या गाठोड्यावर धरून काका उतरले. गाठोड्यात काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ढोलकी होती. माझ्या आईने पहिल्याच दिवशी त्यांना वेड्यात काढलं.

पंधरा दिवसांत काकांच्या चामडी पट्ट्यावर बुरशीची हिरवी लव उगवली. काड्यापेटी पेटेना. ज्वारीच्या पोत्याला तळाशी कोंब आले. रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की काका ओटीवर माझ्या वडिलांसमोर नवी तक्रार मांडायचे. "तुमच्या हितं मीठबी रडतंय भाऊ," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं, "तुमच्या हितं माणूस वाळत न्हाई, निसता निथळतो." सगळ्या वाक्यांची सुरुवात 'तुमच्या हितं'ने. जणू पाऊस आम्ही घरी पाळला होता आणि मुद्दाम त्यांच्या अंगावर सोडला होता. बाबा हसून म्हणायचे, वाईच दम धरा, अंगवळणी पडेल.

जुलैत सलग नऊ दिवस पाऊस लागला आणि दहाव्या दिवशी सकाळी थांबला. सगळी आळी बाहेर आली. कुंपणावर गोधड्या, उशा, शाळेचे गणवेश, जे हाताला लागेल ते. अंकुशकाका मात्र ओटीच्या खांबाला टेकून आभाळाकडे बघत होते आणि चेहरा पार उतरला होता. काय झालं, मी विचारलं. "उघडीप पडली गं," ते हळू आवाजात म्हणाले, "आता पिकाचं कसं व्हायचं?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. या गावात त्यांचं वीतभर शेत नव्हतं, आणि असतं तरी ते गुडघाभर पाण्यात असतं. त्यांच्या गावात हा शब्द कुजबुजत बोलतात. आम्ही त्याला उघाड म्हणतो आणि एकमेकांना हाका मारून सांगतो. पन्नास वर्षं पाऊस थांबला की त्या माणसाच्या पोटात गोळा आला होता आणि हवा बदलली म्हणून तो गोळा काही विरघळला नव्हता. माझ्या त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

खरी ठिणगी पडली ती विहारात. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने रोज संध्याकाळी आमच्या पत्र्याच्या विहारात वंदना, वाचन आणि मग गाणी. पण ढोलकी नाही. विहाराची ढोलकी जूनमध्ये प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून आढ्याला टांगायची, ती दिवाळीला उतरवायची, हा आमचा शिरस्ता. दमट हवेत कातडं सैल पडतं, मग ती वाजत नाही, भदभदते. बाबांनी काकांना समजावलं की पावसाळ्यात ती झोपते. काकांना हे सहनच झालं नाही. गावी त्यांच्या ढोलकीवाचून कार्यक्रम उभा राहत नसे. वर्षात रोज माणसं जमतात ते एवढेच तीन महिने, आणि नेमकी तेव्हाच ढोलकी झोपणार?

त्या संध्याकाळी वंदना झाल्यावर ते सगळ्यांसमोर उभे राहिले. "आश्विन पुनवंच्या आत ह्या विहारात मपली ढोलकी वाजंल," ते म्हणाले, "न्हाई वाजली तर बिऱ्हाड उचलून पाटोद्याला जाईन."

लोकांनी ते हसण्यावारी नेलं, पण काकूंनी आईला खरं काय ते सांगितलं. काकूंचा खोकला हटत नव्हता, काकांच्या अंगावर ओल्या कपड्यांनी पुरळ उठलं होतं आणि गावाकडून भावाचे परत या म्हणून फोन येत होते. राहायचं की जायचं हे त्या माणसाला ठरवता येत नव्हतं, म्हणून त्याने ते ढोलकीवर सोपवलं होतं.

मग सुरू झाली लढाई. काकांची ढोलकी नटबोल्टची. फिटर माणूस, पाना सदोदित खिशात. संध्याकाळी विहारात जाण्याआधी नट आवळायचे. पाव तास ती टणटण बोलायची आणि दुसऱ्या गाण्याला मान टाकायची. मग त्यांनी ती चुलीच्या धगीवर धरली. एकदा धग जास्त झाली आणि पुडीवरच्या काळ्या शाईचे पोपडे उडाले. मग लाकडी खोक्यात बल्ब लावून ढोलकी आत ठेवली, तर पावसात आमच्याकडे वीज टिकते कुठे. शेवटी कुणीतरी सांगितलं की तांदूळ ओल शोषून घेतो. तेव्हा त्यांनी आईच्या तांदळाच्या कोठीत ढोलकी पुरली. आईने झाकण उघडलं आणि पुढचे तीन दिवस ती काकांशी बोलली नाही. भात मात्र त्याच तांदळाचा झाला आणि आम्ही मुकाट्याने खाल्ला.

श्रावणात एक उघाड पडली, चांगली कडक उन्हाची. आदल्या संध्याकाळी काकांनी ओली पुडी जीव खाऊन आवळली होती, त्यांच्या गावी आवळतात तशी. त्यांच्याकडे कातडं कोरडंच असतं, ते आणखी कुठे कोरडं व्हायचं? दुपारी काका कामावर, घरात आम्ही दोघी-तिघी, आणि मागच्या खोलीतून फाट्कन आवाज आला. उन्हाने ती पुडी आपोआप आणखी ताणली गेली होती आणि मधोमध उभी चिरली होती. संध्याकाळी काकांनी चिरेवरून बोट फिरवलं. रागावले नाहीत. जेवण झाल्यावर बाबांकडे येऊन म्हणाले की आश्विन पौर्णिमेनंतर खोल्या रिकाम्या करतो. मला फार वाईट वाटलं. तक्रारखोर का असेना, त्या माणसाने आमच्या पावसाशी जेवढी झटापट केली तेवढी आम्ही कुणी कधी केली नव्हती.

फाटकी ढोलकी घेऊन गावात कसं शिरायचं, म्हणून काका पुढच्या सुट्टीला कर्जतला जाऊन नवी पुडी चढवून आले. पण नट आवळले नाहीत. आता कुणासाठी आवळायची, असा त्यांचा चेहरा. ओटीवर बसून ते सैल ढोलकीवर उगीच बोटं टाकत होते, धुम्, धुम्. पलीकडे माझी बायजाआत्या चवळीच्या शेंगा सोलत होती. आत्या बाबांची थोरली बहीण, साठी ओलांडलेली, आवाज खर्जातला, घोगरा. विहारात ती कायम मागच्या ओळीत बसून नुसत्या टाळ्या वाजवायची. शेंगा सोलता सोलता ती भात लावताना म्हणायचं एक जुनं गाणं गुणगुणायला लागली आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की काकांची बोटं थांबली आहेत. मग ती पुन्हा सुरू झाली, पण आता आत्याच्या गाण्यावर.

गाणं संपलं तेव्हा काकांनी विचारलं, विहारात का नाही गात?

"तितं माझा आवाज पडतो रं," आत्या म्हणाली. "सुरेश पेटीवर सूर धरतो तो पार वर. मी त्याच्यामागं जाया बघतं आन् मधीच फाटतं."

काकांनी सैल पुडीवर पुन्हा एकदा बोट टाकलं, धुम्. "तुमचा आवाज न्हाई पडत आत्या," ते म्हणाले, "त्येंची पट्टी चढती."

आणि मग हा माणूस एकदम हसायलाच लागला. दोन महिने तो ढोलकीला पाटोद्याच्या सुरात ओढत होता आणि ती बिचारी रोज संध्याकाळी आमच्या हवेच्या सुरात खाली येऊन बसत होती. ती बिघडलेली नव्हतीच. नव्या पुडीला त्यांनी अगदी जरासा पाना लावला, दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतील इतकाच, आणि पाना ट्रंकेत टाकला.

सुरेशदादा आमचा पेटीवाला आणि मुख्य गायक. उंच आवाजाचा त्याला फार अभिमान. दोन-अडीच सूर खाली गायचं म्हणजे पुटपुटणं, असं तो म्हणाला आणि बाकीच्या पुरुषांनी माना डोलावल्या. काकांनी वाद घातला नाही. "तुमच्या पेटीला पट्टी बदलता येती," ते एवढंच म्हणाले, "पावसाला येत न्हाई. एक दिस बघा." एका दिवसाला सुरेशदादा कबूल झाला, तोही बहुधा काकांची फजिती बघायला.

तो दिवस भाद्रपद पौर्णिमेचा. वंदना चालू असतानाच पाऊस आला, आणि आला तो असा की पत्र्यावर ताशे वाजायला लागले. वाचणाऱ्याचा आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे जाईना. असा पाऊस आला की आमच्याकडे गाणी आवरती घेऊन घरी जायचं, हे ठरलेलं. लोक उठायच्या बेतात होते. काकांनी ढोलकी पुढ्यात घेतली आणि हात टाकला. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं की त्या पत्र्याच्या आवाजाखालूनसुद्धा आवाज जाऊ शकतो. वर पाऊस कर्कश वाजत होता आणि त्याच्या खालून, जमिनीलगत, ढोलकीचा घुमारा थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. सुरेशदादाची बोटं नाइलाजाने पेटीवर खाली सरकली. काकांनी मागे वळून आत्याकडे बघितलं.

आत्याने बसल्या जागेवरून सुरुवात केली. पहिली ओळ थरथरली. दुसरी नाही थरथरली. तिसऱ्या ओळीला माझी आई गायला लागली, जिला गाता येतं हे मला ठाऊकच नव्हतं, आणि मग मागच्या तिन्ही रांगा. इतकी वर्षं नुसत्या टाळ्या वाजवणाऱ्या बायका. त्यांना गाणी पाठ होती, सगळीच्या सगळी पाठ होती. त्यांच्यापर्यंत सूर तेवढा कुणी आणला नव्हता. पाऊस थांबला नाही आणि घरी कुणी गेलं नाही. सुरेशदादा डोळे मिटून पेटी वाजवत होता. मी रडत होते, आणि ते लपवायची गरज नव्हती, कारण माझ्या शेजारी काकूही रडत होत्या आणि खोकला आला तरी मध्येच गात होत्या.

विहारातून घरी येताना काका चिखलातून आमच्या पुढे चालत होते, छत्री ढोलकीवर, स्वतः चिंब. वाटेत थांबून बाबांना म्हणाले, त्या खोल्यांचं तेवढं विसरा.

तेव्हापासून आमच्या विहारात पावसाळ्याची एक पट्टी आणि उन्हाळ्याची एक. पावसाळी पट्टीत बायका पुढे बसतात. आजूबाजूच्या गावांतून आता वर्षावासात बोलावणी येतात आणि आत्या टेंपोत पुढच्या सीटवर बसून जाते. काकूंचा खोकला गेला. काकांनी ज्वारी पोत्याने आणायची सोडून पत्र्याच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. आणि ढोलकी रोज किती उतरली, किती चढली हे बघता बघता त्यांना हवा कळायला लागली, इथे जन्मलेल्या आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. सकाळच्या त्या टिचकीची सुरुवात अशी झाली.

मागच्या वर्षी काका निवृत्त झाले. गावी भावाने त्यांच्यासाठी घर बांधून ठेवलं होतं. श्रावणात दोघं ढोलकी घेऊन तिकडे गेली, बघून येतो म्हणाली. सकाळी बादल्या घेऊन बायका सवयीने ओटीसमोर यायच्या आणि ओशाळून परत जायच्या. आत्याने विहारात गाणं बंद केलं. घसा बसलाय, असं सांगायची.

बाराव्या दिवशी दुपारी रिक्षा थांबली. तीच छत्री, तेच लुगडं, तेच भिजणं. काका ओटीवर टेकले तेव्हा त्यांचे ओठ फुटलेले होते. गावात पहिल्याच संध्याकाळी त्यांना वाजवायला बसवलं, तर पुडी अशी चढली की सख्ख्या बहिणींचे आवाज फाटले. नट सैल केले, ओलं फडकं फिरवलं, तरी तिला ती हवा मानवेना. "आन् मलाबी," काका म्हणाले. मग जरा थांबून माझ्याकडे बघत म्हणाले, "तीन आठवडे उघडीप हाय तिथं. भाऊ आभाळाकडं डोळं लावून बसलेला आन् मला आधी धुणं आठवलं गं. लाज वाटली."

आत्याने पदराने डोळे पुसले, घसा खाकरला आणि विचारलं, "बरं, आता पुढं तुमच्याकडं पाऊस कसा काय म्हणतोय?"

"आमच्याकडं?" काकांनी लुगड्याची गाठ सोडली, ढोलकी मांडीवर घेतली, पुडीवर टिचकी मारली आणि कान लावला. "आज काय थांबत न्हाई. उद्या नवाच्या पुढं उघाड. गोधड्याबी काढा."

आत्याने विचारलं होतं ते पाटोद्याचं. पण तिने ते त्यांना सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.