सात नमुन्यांपुढचा शब्द

समुद्रातला गाळ मोजायचं काम मी झाशीत बसून केलं, आणि तोवर समुद्र डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. उपग्रहाच्या चित्रात पाणी जितकं गढूळ, तितका लाल रंगातला उजेड जास्त परत येतो. त्या उजेडावरून पाण्यात किती गाळ आहे हे सांगणारं सूत्र बसवणं माझं काम. सूत्राला ताळा म्हणून खऱ्या पाण्याच्या बाटल्या भरणं तिचं. ती रत्नागिरीकडची, वयाने माझ्याहून थोडी लहान, आमच्याच प्रकल्पातली. सकाळी साडेदहाच्या सुमारास उपग्रह वरून जायचा तेव्हा ती होडीत असायची आणि मी कॉलेजच्या खोलीत, कूलरसमोर.

मी तिच्यावर जळत होते, सरळ सांगते. ती फोटो पाठवायची: ओले पाय, विस्कटलेले केस, मागे तपकिरी पाणी. सराव म्हणून मी इथल्या लक्ष्मी तालावर, म्हणजे तळ्यावर, बाटली भरायला गेले, तर हाती नुसती जलपर्णी आली आणि काठावरच्या भैयाने विचारलं, "दीदी, मछली पकड़ रही हो क्या?" त्यात तिची मराठी! आमची मराठी घरातली, पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहून हिंदीत कालवलेली. शाळा सगळी हिंदीत. एकदा फोनवर मी "पाणी गदलं दिसतंय" म्हटलं, तर ती गोड आवाजात म्हणाली, "गढूळ म्हणायचंय का ताई?" त्या गोडपणाचाच मला जास्त राग आला.

होडीत आमच्यापैकी एकीलाच जागा होती. सूत्र नीट बसलं तर पुढच्या हंगामात तुला पाठवण्याचा विचार करू, असं प्रकल्पाचे सर मला म्हणाले होते. मी त्या एका वाक्यावर दिवस काढत होते.

मग तिची नमुन्यांची यादी आली. सात आकड्यांपुढे तिने लिहिलं होतं, "गाळले". काही नमुने ती यंत्राने मोजायची, काही फिल्टर पेपरमधून गाळून, उरलेला गाळ वाळवून त्याचं वजन करायची. म्हणजे हे सात गाळून घेतलेले, खात्रीचे? तरी शंका आली म्हणून आईला विचारलं. "गाळले म्हणजे गाळले, और क्या! चहा नाही का गाळत आपण?" आई म्हणाली. रत्नागिरीला तिलाच फोन करायचा, एवढंच उरलं होतं. नंबर लावलाही. पण मराठी शब्दाचा अर्थ मी तिला विचारायचा? फोन ठेवून दिला आणि तेवढेच सात धरून सूत्र बसवलं. नकाशात सगळा किनारा चिखल झाला. मला वाटलं, असेलही.

बैठक संगणकावर होती. नकाशा पाहून ती दचकली. "ताई, ते सात मी गाळले होते ना? होडीच्या इंजिनाने तळ ढवळला होता. ते धरू नका असं." माझे कान तापले. गाळणं म्हणजे वगळणंही असतं, हे मराठी शाळेतल्या कुठल्याही मुलीला ठाऊक. सरांना मराठी येत नव्हती. त्यांनी विचारलं, "क्या हुआ?"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "सर, मेरा गलती है. मैंने बराबर नहीं लिखा."

सर भडकले. खराब नमुने यादीत ठेवलेच कशाला, महिन्याभराची मेहनत पाण्यात गेली, तुला समुद्रावर पाठवायचं कशासाठी? ती उत्तर द्यायला गेली, पण तिची हिंदी मोडकी. "वो... मतलब..." करत अडकली. मला हिंदी छान येत होती. शब्द मला कळला नाही, शंका आली होती, तरी मी विचारलं नाही, एवढंच सांगायचं होतं. पण तिला अडखळताना ऐकून मला बरं वाटत होतं. मी गप्प बसले.

उरलेल्या नमुन्यांवर सूत्र नीट बसलं. पुढच्या हंगामात सरांनी होडीत तिच्या जागी मला पाठवलं, आणि मी गेले.