टेस्ट सोपी झाली, रांग वाढली

"मॅडम, कॅम्प जोरात झाला!" ट्रस्टी खुशीत होते. माझ्या दाराबाहेर मात्र उभं राहायलाही जागा नव्हती.

सांगलीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी कोलोनोस्कोपी करते. म्हणजे स्कोप, कॅमेऱ्याची नळी, घालून मोठं आतडं तपासते. शौचातून डोळ्यांना न दिसणारं रक्त जात असेल, तर कॅन्सरचा संशय घ्यावा लागतो. ते रक्त शोधायच्या जुन्या टेस्टला आधी मटण बंद, शिवाय नमुने परत परत द्यायचे. तासगाव-कडेगावकडं ते कोण पाळतंय? नव्या टेस्टला पथ्य नाही, नमुना एकच. लोकांनी कॅम्पात नमुन्याच्या डब्या भराभर आणून दिल्या. पॉझिटिव्हही वाढले, आणि त्या प्रत्येकाची कोलोनोस्कोपी करावी लागते. स्कोप एकच, आणि तो चालवणारी मीही एकटीच.

"दुसरा स्कोप द्या, नाहीतर कॅम्प थांबवा," मी ट्रस्टींना म्हटलं.

"पुढच्या वर्षी बघू की."

मला भयंकर राग आला. पण बाहेर माणसं ताटकळत होती.

नवी टेस्ट किती रक्त सापडलं तो आकडाही देते. आकडा मोठा, तर संशय जास्त. आम्ही मात्र जुन्या सवयीनं नावं आली तशीच बोलावत होतो.

कडेगावचे एक निवृत्त सुभेदार दोनदा येऊन परत गेले होते. आतडं साफ करायला जुलाबाचं औषध पिऊन, उपाशीपोटी यायचं आणि आपला नंबर दुसऱ्याला देऊन टाकायचा! तिसऱ्यांदाही ते उठले, तेव्हा मी त्यांचा आकडा पाहिला. तो फार मोठा होता.

"सुभेदार, कुठं निघालात?"

"आवं मॅडम, ह्या आज्जी जतकडनं आल्यात, लय लांबनं. मला काय दुखत न्हाई. जाऊ द्या त्यास्नी म्होरं."

"दुखायला लागल्यावर माझा फार उपयोग नसतो. चला आत."

आजीच म्हणाल्या, "जा की रं बाबा. मी काय पळून जात न्हाई."

सुभेदारांच्या आतड्यात कॅन्सरची गाठ होती. नशिबानं अजून बाहेर पसरलेली नव्हती. ऑपरेशनवर भागलं. आजींची तपासणी त्याच दुपारी केली, काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मोठा आकडा आधी, असा नियम केला. ट्रस्टींच्या ओळखीच्यांनाही तोच. ट्रस्टी आधी चिडले. मग दुसरा स्कोप येईपर्यंत कॅम्प लहान ठेवायला तयार झाले.

टेस्ट बदलायचं ठरलं, तेव्हा मीटिंगमध्ये डब्यांची ऑर्डर निघाली. पॉझिटिव्ह माणसांना तपासणार कोण, हे कुणी विचारलं नाही. सुभेदार थांबायला तयार होते. गाठ थांबली नसती.