गाऱ्हाणं घातल्यावर सुरू होणारा कॉम्प्युटर

देवाने माणसांना धीर वाटायला काढला तेव्हा माझे मामेसासरे रांगेत सगळ्यात पुढे असावेत, आणि मिळालेला तो सगळा धीर पुढे त्यांच्या कॉम्प्युटरने खाऊन टाकला. चारकोपच्या त्यांच्या घरात हे मशीन सुरू केलं, की मामी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावायच्या, वरण घोटायच्या, फोडणी द्यायच्या आणि हात पुसत बाहेर येऊन विचारायच्या, "उठलो काय तो?" उठलेला नसायचा. मग मामी भाकऱ्या थापायला आत जायच्या.

मामांचा जन्म मुंबईचा, नोकरी मुंबईची, पण जीभ अजून वेंगुर्ल्याच्या अलीकडे आलेली नाही. त्या मशीनवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. त्यावर झाकण म्हणून त्यांनी मामींच्या शालूचा एक तुकडा घातला होता, आणि आपला शालू कापला गेलाय हे मामींना तो तुकडा मशीनवर बघूनच कळलं होतं. दुपारी जेवणानंतर मशीन बंद म्हणजे बंद. "त्येका पण जरा पडूक व्हया मा?" उन्हाळ्यात घरातला एकुलता एक टेबलफॅन मशीनकडे तोंड करून असायचा आणि पाहुणे वर्तमानपत्राने वारा घेत बसायचे. व्हायरसची मामांना भयंकर धास्ती, म्हणून त्यांनी एक सोडून तीन अँटिव्हायरस घालून ठेवले होते. का, तर "एक वॉचमन झोपलो तर दुसरो जागो व्हयो." आता तिन्ही वॉचमन दिवसभर एकमेकांनाच गेटवर अडवत बसले, तर मशीन बिचारं चालणार कधी?

पण खरी गंमत पुढेच. मशीन सुरू करण्याआधी मामा गाऱ्हाणं घालत. कोकणात शुभकार्याच्या आधी देवाला हाका मारून मागणं मागतात आणि बाकीचे "होय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात, तेच हे. घरात जो असेल त्याने हात जोडून उभं राहायचं. "बा देवा गणपती, बा रवळनाथा, आज ह्या मशीनाक हात लावतंव. वायरीत काय अडचण असात, कोणाची वाकडी नजर लागली असात, ती दूर कर, आणि चेडवाचा तोंड आमका दाखय रे म्हाराजा!" आम्ही म्हणायचं, "होय म्हाराजा!" एकदा माझ्या हातात चहाचा कप होता, तर मामांनी देवाला थांबवलं आणि मला म्हणाले, "जावयबापू, कप खाली. तो बघता." तो म्हणजे देव की कॉम्प्युटर, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

चेडू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती कॅनडात नर्स आहे. तिकडे शनिवारी रात्रपाळीला निघण्याआधी तिला अर्धा तास मोकळा मिळायचा, ती आपली रविवारची सकाळ. आठवडाभरात लेकीशी बोलायला मामांना मिळायचा तो एवढाच वेळ, आणि त्यातला मोठा घास हे मशीन गिळायचं. मोबाइलवर बोला म्हटलं तर म्हणायचे, "एवढ्याशा खिडकीतून चेडू बघू? तुरुंगात भेटूक गेल्यासारख्या?" लागलाच कॉल, तर चित्र अडकायचं. एकदा ती डोळे अर्धवट मिटलेली अशी अडकली, तर मामा ओठांवर बोट ठेवून मामींना सांगत होते, "झोपला मरे. आवाज करू नको." "बाबा, निघते, उशीर होतोय," हे एकच वाक्य दर रविवारी स्वच्छ ऐकू यायचं.

मग एका रविवारी कॉल लागलाच नाही. मामा काळ्या पडद्यासमोर हात जोडून बसून राहिले आणि मामींनी पुढे ठेवलेल्या घावनांना त्यांनी हात लावला नाही. घावनांना नाही म्हणणारे मामा मला बघवेनात. मी म्हटलं, बास, आता ह्या डब्याची खबर घ्यायचीच. एका मेहुण्याच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला होता, तेव्हापासून सासुरवाडीत मी कॉम्प्युटरतज्ज्ञ म्हणून ओळखला जातो. त्या मानाला कधीतरी जागायला हवंच होतं.

दोन वॉचमनना मी घरी पाठवलं. फायली काढायला बसलो तर प्रत्येक फायलीपाशी भांडण. सोसायटीची पाण्याची टाकी साफ करणार असल्याची नोटीस, सात वर्षांपूर्वीची. "मामा, ही तरी काढू?" "कित्याक? टाकी परत धुवची लागतली मा?" 'गुड मॉर्निंग'ची फुलं तर प्रत्येकी तीन-तीन जागी ठेवलेली. शेवटी मामींनी त्यांना मासे आणायला बाजारात पिटाळलं आणि मला म्हणाल्या, "आता काय ता कर." मी जुनी हार्डडिस्क काढून नवी एसएसडी बसवली, रॅम वाढवली आणि उत्साहाच्या भरात चांगलासा कॅमेराही लावून टाकला.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. मामांनी बटण दाबलं, "बा देवा गणपती" म्हणाले, आणि मशीन सुरू! रवळनाथाला यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. मामा तोंड उघडं ठेवून पडद्याकडे बघत राहिले आणि मी, खोटं कशाला बोलू, कॉलर ताठ केली.

मुलगी समोर आली ती समोर बसल्यासारखी स्वच्छ. "जेवलंस?" "हो बाबा." "थंडी आसा?" "आहे." एवढ्यावरच बोलणं संपलं. इतके दिवस "ऐकू येतंय का"मध्येच वेळ जायचा, आता हातात अख्खा अर्धा तास आणि बोलायचं काय ते दोघांनाही सुचेना. मग ती पुढे झुकली.

"बाबा, तुम्ही एवढे बारीक कधी झालात?"

"कॅमेरो नवीन आसा गो. लांबट दाखयता."

"आणि हात? हात का थरथरतोय तुमचा?"

मामांनी हात पटकन टेबलाखाली घेतला. "हालता खंय? तुझा नेट हालता," म्हणाले आणि हसले. मग तेही पुढे झुकले आणि हसू गेलं. "तुझे केस गो... कानाकडे पांढरे?" तिने केस मागे सारले. मामी आत निघून गेल्या. त्या दिवशी उशीर होतोय असं तिकडून कुणी म्हणालं नाही. ती बघत होती, मामा बघत होते. तिच्या निघायच्या वेळेला मामांनीच सांगितलं, "जा गो बाय, पेशंट वाट बघत असतले."

पडदा रिकामा झाल्यावरही मामा तिथेच बसून होते. मामींना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी आले.

"जावयबापू, ह्येका परत हळू करूक येता काय रे?"

इतक्या वर्षांत मी मामांना कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. मी त्यांचा तो थरथरणारा हात हातात घेतला आणि म्हटलं, "नाही हो मामा. आता नाही येत."